एक एप्रिलच्या आधी आलेलं ईस्टर

"परवा एक एप्रिल," गुड्रून अंडी सोलत म्हणाली. "टोर्किलला कसं बनवायचं, सुचव काहीतरी."

धावपट्टीशेजारच्या खोलीत मी कप मांडत होतो. हातातला कप खाली ठेवला आणि खिडकीपाशी गेलो. आकाशात आमचं विमान दिसत नव्हतं.

विमान आम्हा तिघांच्या मालकीचं. टोर्किल, जनावरांची डॉक्टर गुड्रून आणि मी. माझं आयुष्य शाळेच्या ग्रंथालयात गेलं, त्यामुळे कागद वाचायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. गेल्या शरद ऋतूत विमा कंपनीच्या बोडिलने दोन पर्याय दिले होते. एक, वर्षभर उड्डाणाचा विमा. दुसरा, हिवाळाभर फक्त आग, वादळ आणि चोरीचा. उड्डाणाचा एक एप्रिलपासून. माझं काही ठरेना. शेवटी गुड्रून म्हणाली, "गोठ्यात बांधलेली गाय कुणाच्या शेतात शिरणार आहे?" आणि मी दुसरा पर्याय घेतला. आमचा हंगाम ईस्टरच्या शनिवारी सुरू होतो, आणि ईस्टर एप्रिलमध्ये असतं, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. यंदा ते मार्चमध्ये आलं होतं.

पहिलं उड्डाण नेहमी टोर्किलचं. शेजारी त्याची बायको रेगिट्से, फ्योर्डच्या खाडीवरून एक चक्कर, मग सगळ्यांनी मिळून जेवण. नुकतेच ते दोघं वर गेले होते.

"गुड्रून, त्यांचा विमा नाहीये."

तिला समजायला एक क्षण लागला. मग तिने हात पुसले. "रेडिओवर सांग."

"सांगू?"

"नको, थांब. म्हातारा आधी तुझ्याशी भांडेल आणि मग घाईघाईने उतरेल." ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. "ते काय आहे?"

समुद्राकडून धुकं येत होतं. वसंतात ते असंच येतं, ऊन असताना. पलीकडच्या शेतातली घरं अर्धी गिळली गेली होती. टोर्किल चुकून त्यातल्या एखाद्या घरावर उतरला तर? त्या दोघांचं काय होईल, ते मनात आणवत नव्हतं. आणि त्या घरातल्या माणसांची भरपाई करता करता आमचा जन्म गेला असता.

"बोडिलला फोन लाव," गुड्रून म्हणाली. "विमा आजपासून सुरू कर म्हणावं. विमान शेडमध्ये आहे म्हण. कोण बघायला येतंय?"

बोडिलने फोन उचलला. मागे मुलांचा गलका होता. नातवंडं बागेत लपवलेली ईस्टरची अंडी शोधत होती.

"आजपासून? करते की. सुट्टी असली म्हणून काय झालं. फक्त ते नेहमीचं विचारते हं, विमान आत्ता कुठे आहे?"

गुड्रूनने दोन्ही हातांनी छप्पर करून दाखवलं.

"हवेत आहे," मी म्हणालो.

पलीकडे मुलांचा आवाज दूर गेला. ती घरात गेली असावी.

"मग मला काही लिहिता येणार नाही, वेर्नर. उतरलं की फोन करा." जरा थांबून ती म्हणाली, "नीट उतरू दे."

मी फोन ठेवला. गुड्रून दाराकडे निघाली होती. "धन्य आहे, ग्रंथपाल. एवढी पुस्तकं वाचलीस, एक थाप मारता येईना?"

तो प्रामाणिकपणा होता की ऐन वेळी थाप सुचली नाही, हे माझं मलाच ठाऊक नव्हतं. अजूनही नाही.

आम्ही बाहेर गवतात येरझाऱ्या घालत राहिलो. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी दिसेनाशी झाली. मग इंजिनाचा आवाज आला, अगदी कमी उंचीवर, डोक्यावरून, आणि गेला. विमान दिसलंच नाही. गुड्रूनने माझी बाही धरली. आवाज वळून पुन्हा आला आणि धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला चाकं टेकली. एकदा उसळली, पुन्हा टेकली.

मी तिथूनच फोन लावला.

"उतरलं?"

"उतरलं, पण पंखा फिरतोय अजून."

"थांबते मी."

टोर्किल इंजिन कधीच लगेच बंद करत नाही. मी हातवारे केले, त्यानेही आनंदाने हात हलवला. शेवटी गुड्रून धावत त्याच्या खिडकीपाशी गेली.

पंखा थांबला.

"आता जमिनीवर आहे," मी म्हणालो.

"काही मोडलंबिडलंय?"

फोन कानाला लावूनच मी विमानाभोवती फिरलो. चाकं पाहिली, पंखांची टोकं पाहिली, वाकून पोटाखाली पाहिलं.

"काय रे, घोडा विकत घेतोयस का?" टोर्किल दार उघडत म्हणाला.

"चिखल आहे फक्त," मी बोडिलला सांगितलं.

"मग लिहिते, आत्तापासून."

नंतर मी टोर्किलला सगळं सांगितलं. रेगिट्सेला उतरवताना त्याने तिचा हात धरला होता, तो सोडला नाही.

"म्हणजे मी धुक्यात होतो तेव्हा तुला माहीत होतं."

"होतं."

"आणि मला सांगितलं नाहीस. बोडिलला मात्र सांगितलंस."

"तिने विचारलं होतं."

त्याने रेगिट्सेचा हात सोडला. मला वाटलं, आता भांडेल.

"तिकडून धर," तो म्हणाला, आणि आम्ही दोघं विमान शेडकडे ढकलू लागलो.