सुजेचा आकडा

"नटुभाई, आज रक्त डाव्या हातातून घ्या. उजव्यानं रोटल्या लाटायच्यात," प्रफुल्लाबेन म्हणाल्या. रोटल्या घरच्यांसाठी; त्यांचा स्वतःचा उपास होता. वर्षीतप म्हणजे एक दिवस जेवण, एक दिवस नुसतं उकळलेलं पाणी, असे तेरा महिने. त्यातले बारा सरले होते.

आमच्या डॉक्टर शेलतांनी सुरतेत जाड्या माणसांच्या उपासाचा अभ्यास मांडला होता. चरबी अंगातल्या रक्षक पेशींना उगाच चिडवत ठेवते, आतून सूज राहते. उपासानं ती उतरते का, हे पाहायचं होतं. दर महिन्याला रक्त काढायला मी घरी जायचो. प्रफुल्लाबेनचा सुजेचा आकडा अकरावरून तीनवर आला, गुडघेही हलके झाले. त्यांचे यजमान धनसुखभाई तो आकडा देरासरात, म्हणजे जैन मंदिरात, भेटेल त्याला सांगत सुटले.

त्या दिवशीचा आकडा चौसष्ट निघाला.

"तुमचं मशीन बिघडलंय," धनसुखभाई म्हणाले.

मी बेनना पाय दाखवायला सांगितलं. उजव्या अंगठ्याला चपलेनं फोड आला होता आणि तो काळा पडत चालला होता. मधुमेहामुळे त्यांना दुखलंच नव्हतं.

डॉक्टर घरी आले. "गोळी रोज, दिवसातून तीनदा. उपासालासुद्धा. चरबीची सूज उतरली म्हणून जंतू घाबरत नाहीत." साध्वीजींनीही निरोप धाडला: आजाऱ्याला औषधाची सूट आहे, घे.

"सूट घेऊन केलेलं तप," बा, म्हणजे सासूबाई, पुटपुटल्या. "आणि पारण्याच्या पत्रिका वाटून झाल्यात."

स्वयंपाकघरात मी हात जोडले. "घ्या हो बेन. साध्वीजीच घे म्हणतायत, मग अडतंय कुठे?"

"तीस वर्षं या घरात मी हत्तीण होते, नटुभाई. लग्नाकार्यात माझ्यासाठी वेगळी खुर्ची मागवायचे आणि हसायचे. आता बा रोज सकाळी तपस्वीला विचारावं तसं विचारतात, शातेत, सुखात आहेस ना? ते गोळीबरोबर गिळून टाकू?"

मला त्या घराची चीड आली. माझीही आली, तीनचा आकडा मिरवण्यात मीसुद्धा मागे नव्हतो.

जेवणाच्या दिवशी त्या गोळ्या घेत, उपासाच्या दिवशी नाही. अखात्रीजच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या पारण्याला दहा दिवस उरले असताना उजव्या पायाची दोन बोटं कापावी लागली. उपास मोडू नये म्हणून जेवणाचा दिवस पाहून तारीख धनसुखभाईंनीच ठरवली.

पारण्याला मंडपात तपस्वींच्या ओळीत प्रफुल्लाबेन चाकांच्या खुर्चीवर बसल्या. लोक येऊन पाया पडत होते आणि फोटोसाठी धनसुखभाई पट्टीवर पुन्हा पुन्हा साडी ओढत होते. बा वाकल्या, त्यांनी डाव्या पायाकडे हात नेला. प्रफुल्लाबेननी साडी बाजूला केली आणि पट्टीतला पाय पुढे केला.

"हा, बा," त्या म्हणाल्या.

मागे लांब रांग होती. बांना हात लावावाच लागला.