बिनक्लचची गाडी

सिकंदरच्या गॅरेजात गाडीचं दार उघडलं आणि आधी खाली पायाकडं बघितलं. तिथं तीन पेडल होती. गाडी दुरुस्तीला दिलती तवा दोनच होती.

"ह्ये काय?"

"क्लच हाय आक्का," सिकंदर हात पुसत म्हणाला. माझ्याकडं बघंना.

"क्लच हाय ते मला कळतंय रं शहाण्या! माझ्या गाडीत तो आला कुठनं?"

सांगते. चार वर्षांची असताना मला ताप आला आणि डावा पाय गेला. हाय जागेवर, पण नुसता लोंबतोय. क्लच दाबायला डावा पायच लागतो. ही गाडी अमेरिकेची, स्टेरिंग तेवढं आपल्यासारखं उजवीकडं. हिला क्लच नव्हताच, गिअर आपोआप पडायचं. ॲक्सिलेटर आणि ब्रेक, दोन्ही उजव्या पायाचं काम. उभ्या कोल्हापुरात मला चालवता येईल अशी ही एकच गाडी होती, आणि ह्या मेल्यानं तिलाच डाव्या पायाचं पेडल बसवलं.

गाडी मुळात एका सरदाराची, शिकारीला न्यायची. आत झोपायला बाक, कपाट, स्टो ठेवायला कट्टा. आमच्या आप्पांनी लिलावात घेतली तवा आव्वानं, माझ्या आईनं, आकांत मांडला. जैनाच्या दारात जीवहत्येची गाडी! घागरीवर घागरी ओतून धुतली तवा कुठं तिला दारात उभी राहू दिली. आप्पांनी मला माळावर नेऊन चालवायला शिकवलं. ते गेल्यापासनं कबनूरच्या मागावरची लुगडी घ्यायची आणि बाजार करत हिंडायचं, हा माझा धंदा. बाहेरचं खायचं न्हाय, पाणी गाळूनच प्यायचं, म्हणून स्टोपास्नं घागरीपर्यंत सगळं गाडीत. कुणाच्या दारात जाऊन ताट मागावं लागलं न्हाय मला कधी.

तर गेल्या महिन्यात गिअर धरायचंच बंद झालं. इंजिन बोंबलायचं आणि गाडी जागची हलायची न्हाय. आमच्या उद्यमनगरात विलायती काही बिघडलं की काढून फेकायचं आणि ट्रकचं बसवायचं, ही रीतच हाय. म्हणून मी सिकंदरला बजावून सांगितलतं, मुंबईच्या भंगारबाजारातनं आण, कुठनंबी आण, पण आपोआपचाच गिअरबॉक्स बसव. आज तयार ठेवतो म्हणाला, म्हणून मुरगूडच्या बाजाराचे गठ्ठे टांग्यात घालून थेट गॅरेजात आलते.

"महावीर अण्णा आलते," सिकंदर पुटपुटला. "म्हणाले, आक्का आता गाडी चालवायची सोडणार हाय. मीच चालवणार, ट्रकचा बसव."

महावीर म्हणजे माझा धाकटा भाऊ. कापडाचं दुकान हाय त्याचं.

"आणि तू बसवलास! मला इचारायला तुझ्या तोंडात काय गुळणी होती? जुना कुठाय?"

"फौंड्रीत दिला अण्णांनी. वितळला त्यो."

तळपायाची आग मस्तकात गेली. एकाच तळपायाची, पण गेली. हातातली कुबडी मी अशी आपटली की गॅरेजातली सगळी माणसं हातोडे खाली ठेवून बघाय लागली.

तेवढ्यात महावीरची स्कूटर दारात. कुणीतरी निरोप दिला असणार. इस्त्रीची कापडं, कपाळाला गंध.

"आक्का, तमाशा नको," म्हणाला. "घरी चल."

"तमाशा तू केलास! माझी गाडी, माझ्या नावावरची. तू कोण रं तिचं पोट फाडणारा?"

"लई हिंडलीस. आता दुकानात बस की. मागल्या खोलीत गठ्ठे मोज, सावलीत ऱ्हा. काय कमी हाय तुला?"

"खरं बोल."

मग बोलला. त्याच्या थोरल्या पोरीला सांगलीचं स्थळ आलतं. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, तसं झालं. "ती माणसं इचारत्यात," महावीर म्हणाला, "बाजारात गाडी घेऊन हिंडती ती लंगडी तुमची कोण? काय सांगू मी त्यास्नी?"

लंगडी. गावानं म्हटलं, पोरांनी म्हटलं, मी शिव्या देऊन मोकळी झाले. भावाच्या तोंडनं पहिल्यांदा ऐकलं आणि काळजात कळ आली. रडले असते. पण त्याच्या म्होरं रडायचं? मरीन पण रडणार न्हाय.

"सांग, थोरली बहीण हाय," म्हटलं. "सिकंदर, गठ्ठे गाडीत टाक."

"आक्का, गाडी कशी चालवणार? हाताचा क्लच करावा म्हटलं, तर एक हात स्टेरिंगला, एक गिअरला, तिसरा कुठनं आणायचा?"

"टाक म्हटलं ना!"

टाकले. मी वर चढले. आप्पांच्या जुन्या ट्रकचा ड्रायव्हर म्हणायचा ते आठवलं, गाडी गिअरात असली आणि स्टार्टर मारला की क्लच न दाबताबी ती उडी मारती. पहिला गिअर टाकला आणि मारला स्टार्टर. गाडीनं एक हिसका दिला, दुसरा दिला आणि इंजिन धरलं. सिकंदर बाजूला उडाला. महावीरच्या स्कूटरला धक्का लागून ती आडवी झाली. बरं झालं.

"आक्का! थांब!"

"थांबू कशी? पाय कुठाय मला?"

उद्यमनगरातनं गाडी पहिल्या गिअरात बोंबलत निघाली. दोन्ही बाजूची माणसं दारात येऊन हसत होती. महावीर धोतर सावरत शेजारनं पळत होता. त्याची सगळी गिऱ्हाइकं, सगळी ओळखीची माणसं बघत होती. शेवटी डावीकडचं दार उघडून आत चढला, बाकावरनं सरकत आला आणि त्यानं आपल्या पायानं क्लच दाबला, गाडी थांबवायला.

मी गिअर दुसऱ्यात टाकला.

"सोड," म्हटलं.

"उतर खाली आक्का!"

"सोड, न्हाईतर तशीच भिंतीवर घालते."

सोडला त्येनं. गाडी पळाली. पुढं तिसरा. "दाब. सोड." चौथा. "दाब. सोड." गाव मागं पडलं. घाम त्याच्या गंधातनं नाकावर आला. मला उतरव म्हणाला, मी म्हटलं, उतर की चालत्या गाडीतनं, कुणी धरलंय? मुरगूडपर्यंत आम्ही दाब आणि सोड सोडून एक शब्द बोललो न्हाय. पण मी कान देऊन होते. इंजिनचा आवाज कुठं आला की गिअरचा दांडा हलका होतोय, किती थांबलं की पुढच्या गिअरात न कुरकुरता बसतोय, सगळं ऐकत होते.

बाजारात महावीर गाडीच्या मागं तोंड लपवून उभा राहिला. लुगडी बरी खपली. सावल्या लांबल्या तशी मी ताडपत्री गुंडाळली, तर हा कोल्हापूरच्या एसटीकडं निघालेला.

"कुठं?"

"मी चाललो," म्हणाला. आता त्याच्या आवाजात जोर आलता. "तू ये कशी येतीस ती. न्हाय आलीस तर सिकंदरला पाठवतो, गाडी ओढून आणंल. दुकानात जागा झाडून ठेवलीया तुझी."

एसटी गेली. मी बाकावर बसून ऱ्हायले. भ्याले, खोटं कशाला बोलू? गाडी हितंच ऱ्हायली तर उद्यापासनं मागली खोली, गठ्ठे, आणि पाव्हणं आलं की दार लावून घ्यायचं. जन्मभर.

पहिल्या गिअरात टाकला, स्टार्टर मारला. उडी मारून निघाली. आवाज चढला तसा ॲक्सिलेटरवरनं पाय उचलला, क्लच न दाबताच दांडा ओढला, निघाला. जरा थांबले, पुढं ढकलला. असा कडकडाट झाला की बैल बुजले. "खा की मेल्या!" म्हणून ओरडले आणि परत आवाज चढवून घातला. बसला. तिसऱ्याला दोनदा दात वाजले. चौथ्याला वाजलेच न्हाईत. मी एकटीच गाडीत मोठ्यानं हसले, आणि मग रडलेबी. तिथं बघायला कोण होतं?

बिद्रीच्या फाट्यावर एसटी थांबलेली. महावीर खाली उतरून चहा पीत होता. माझी गाडी बघितली आणि त्येनं कप टाकूनच दिला. दोन्ही हात वर करून रस्त्याच्या कडंला पळत आला.

"आक्का! आक्का, थांब!"

थांबले की इंजिन बंद पडणार, म्हणून थांबले न्हाय. बंद पडणार नसतं तरी थांबले नसते.