पेटीतलं ‘थांबा’

साहेबांनी भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर ती एकच ओळ निवडली आणि सगळ्यांदेखत पुसून टाकली.

“झालं,” ते म्हणाले. “एवढ्याशा गोष्टीसाठी दोन आठवडे चर्चा.”

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या पेटीवालीने पेनाचं टोपण इतक्या जोरात दाबलं की शेजारी बसलेल्या, बटणांची रूपं आखणाऱ्या चित्रकाराने वळून पाहिलं. पेटीवाली हे काही तिचं नाव नव्हे. पण नऊ वर्षांपूर्वी तिने एक पेटी बनवली होती आणि ऑफिसात ते नाव तिला चिकटलं ते चिकटलंच. पडद्यावर काही पुसायला, रद्द करायला, पाठवायला गेलं की मधेच उगवणारी पेटी: ‘हे परत आणता येणार नाही. पुढे जायचं?’ खाली दोन बटणं, ‘हो’ आणि ‘थांबा’. नुसतं एन्टर दाबलं तर ‘थांबा’ लागू व्हायचं. ‘हो’ म्हणायचं तर माणसाने मुद्दाम हात हलवून म्हणावं, असा तिचा हट्ट. साहेबांनी पुसली ती हीच, एन्टरला ‘थांबा’ जोडणारी ओळ; आता नुसत्या एन्टरला ‘हो’ लागू होणार होतं.

एखाद्या वेबसाइटपुरतं असतं तर तिने दातओठ खाऊन सोडूनही दिलं असतं. पण बटणं, पेट्या, तारखा निवडायची कॅलेंडरं हे सगळं एकदाच नीट बनवून त्यांनी एका लायब्ररीत बांधलं होतं. कंपनीच्या आणि गिऱ्हाइकांच्या सगळ्या साइट्स तिथूनच माल उचलायच्या. इथे एक ओळ बदलली की शाळेपासून दवाखान्यापर्यंत सगळीकडे बदलणार.

“साहेब, ती ओळ मी हौस म्हणून नव्हती घातली,” ती म्हणाली. “सुरुवातीला ती नव्हती, तेव्हा एका दवाखान्यातल्या नर्सचा फोन आला होता. गडबडीत तिने एन्टर दाबलं आणि सकाळच्या सगळ्या पेशंटची नावं उडाली. बाहेर माणसं ताटकळलेली, आणि ही फोनवर रडतेय.”

“तिने वाचायला हवं होतं.”

“वाचत नाही कुणी. हात पुढे जातो.”

“मॅडम, लोकांना घाई असते. तुमची पेटी त्यांना अडवून धरते.” साहेब हसले. ते या खात्यात येऊन दोन महिनेही झाले नव्हते. त्याआधी ते कंपनीच्या जाहिरातींचं काम बघायचे. “नवं व्हर्जन आज दुपारीच जाऊ दे. आणि तुम्हीच पाठवा. तुमचंच बाळ आहे.”

चित्रकाराने तिला कोपराने ढोसलं. तिने वही मिटली आणि उठली.

तुमचंच बाळ म्हणे. स्वतःच्या हाताने त्याचं वाटोळं करायचं, वर नवा आकडा चिकटवायचा आणि गावभर वाटायचं, हा कुठला न्याय? त्यापेक्षा कान धरून उठाबशा काढायला लावलं असतं तर परवडलं असतं. तिने व्हर्जन बांधलं आणि पाठवलं. कुठलंही नवं व्हर्जन आधी कंपनीच्या आतल्या पोर्टलांवर चढायचं आणि आठवड्याने गिऱ्हाइकांकडे जायचं. काही बिघडलं तर आधी आपल्या घरात बिघडावं, म्हणून तिनेच हा नियम केला होता.

मग ती जागेवरच धुमसत बसली, आणि राग आला की जे करायची तेच तिने केलं. राजीनामा भरायला घेतला.

हे तिचं जुनं औषध होतं, फक्त नवऱ्याला आणि चित्रकाराला ठाऊक असलेलं. कर्मचाऱ्यांच्या पोर्टलवर राजीनाम्याचं पान उघडायचं, ‘कारण’ या रकान्यात सगळी जळजळ ओकायची, आणि एन्टर, एन्टर. पहिल्या एन्टरला पेटी उगवायची, दुसऱ्याला ‘थांबा’ लागू होऊन मिटायची. आपण बनवलेली पेटी आपल्यालाच दंडाला धरून मागे ओढते, याचं तिला दर वेळी हसू यायचं. मग पान बंद करून ती चहाला जायची. नवरा म्हणायचा, “लग्नाच्या वेळी मला कुणी ही पेटी दाखवली असती तर वाचलो असतो.” नोकरी सोडायची तिची तिळमात्र इच्छा नव्हती. पहिल्या बटणापासून वाढवलेली लायब्ररी सोपवायची कुणाच्या हाती, या माणसाच्या?

‘ज्यांना बटणातलं डोंबल कळत नाही ते आता बटणांचे साहेब झालेत,’ तिने लिहिलं. ‘त्यांनी आपल्या जाहिराती बघाव्यात.’

एन्टर, एन्टर.

हसू यायच्या आतच पडदा पांढरा झाला. मधोमध एक हिरवी खूण उमटली. ‘आपला राजीनामा वरिष्ठांकडे पोचला आहे.’

ती बघतच राहिली. मघाशी आपणच पाठवलेलं व्हर्जन. त्यात काय बदललंय हे अख्ख्या कंपनीत तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, आणि तरी हात पुढे गेला होता. परत घ्यायचं बटण तिने वरखाली शोधलं. तसं बटण नव्हतंच.

चित्रकार तिच्या मागे येऊन उभा राहिला.

“गेला?”

“गेला.”

“कारणासकट?”

तिने मान हलवली. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. साहेबांनी बोलावलं होतं.

खोलीचं दार उघडंच होतं. साहेबांचा चेहरा लालबुंद झाला होता, आणि एक हात कीबोर्डवर तसाच होता.

“‘बटणातलं डोंबल’,” त्यांनी एकेक शब्द सावकाश वाचला. “हे खरंच पाठवायचं होतं तुम्हाला?”

माफी मागून मोकळं होता आलं असतं. शब्द ओठांवर आलेही. पण दोन आठवडे घसा फोडून आपण दुसरं काय सांगत होतो, हे आठवलं आणि तिचं टाळकं पुन्हा सणकलं.

“नव्हतं पाठवायचं,” ती म्हणाली. “लिहिलंय ते खरं आहे, ते मी तोंडावरही सांगेन. पण पाठवायचं नव्हतं. काल हेच केलं असतं तर गेलं नसतं.”

“म्हणजे?”

तिने पुढे वाकून त्यांच्या पडद्याकडे बोट दाखवलं. वाचल्यावाचल्या संतापून साहेबांनी ‘स्वीकारा’ दाबलं असणार, कारण मजकुरावर तिची पेटी उभी होती. ‘राजीनामा स्वीकारला जाईल. हे परत आणता येणार नाही. पुढे जायचं?’ ‘हो’च्या भोवती निळी चौकट होती, म्हणजे एन्टर दाबलं की ‘हो’. आणि साहेबांचं बोट एन्टरवर टेकलेलं होतं.

साहेबांनी पेटीकडे पाहिलं, मग बोटाकडे. तापल्या तव्यावरून उचलावा तसा त्यांनी हात उचलला. कागदांखालून माऊस ओढून काढला आणि श्वास रोखून पडद्यावरचा बाण ‘थांबा’कडे न्यायला लागले.

पेटीवालीने समोरची खुर्ची ओढली आणि बसली.

“सावकाश, साहेब,” ती म्हणाली. “घाई नाही.”