लाल ब्रेक

भाऊजींना आकडा हवा होता. दुसरं काही नको, आकडा! सहा सिलिंडरची, कंपनीतूनच टर्बो बसवून आलेली काळी सेडान त्यांनी घेतली आणि त्या दिवसापासून माणसाची झोप उडाली. कुणीतरी कानात सोडलं होतं, या इंजिनात अजून पुष्कळ दम आहे, नुसतं सॉफ्टवेअर बदलायचं. आणि ते बदलणारी तर घरातलीच, बायकोची धाकटी बहीण. चाळिशी आली तरी घरात सगळे तिला छोटीच म्हणायचे, पण शहरातल्या निम्म्या वेगवान गाड्या तिच्या हाताखालून गेलेल्या.

छोटीने पहिल्याच दिवशी तोंडावर सांगितलं होतं, "भाऊजी, दम आहे हे खरं. कंपनी हातचं राखून ठेवते, खराब पेट्रोलसाठी, कडक उन्हासाठी, इंजिन म्हातारं होईल तेव्हासाठी. त्यातलं थोडं मी काढून देईन. पण आधी ब्रेक मोठे करा. गाडीला पळायला शिकवायचं आणि थांबायला नाही, हे माझ्याकडे चालत नाही."

"ब्रेक काय गं, कुणाला दिसतात थोडेच?"

घ्या! दिसत नाहीत म्हणून नकोत म्हणे. या अकलेच्या माणसाला ताई दिली, याचा राग छोटीला लग्नापासून होता, तो त्या दिवशी दुप्पट झाला.

मग भाऊजींनी जो पिच्छा पुरवला! भेटतील तिथे तोच विषय, तोच फुगलेला चेहरा. शेवटी ताईचाच फोन आला. "अगं, ब्रेक बसवलेत. मोठे, लाल. आता नाही म्हणू नकोस, माझी शपथ आहे."

ताईचा शब्द म्हटल्यावर संपलं. गाडी गॅरेजमधल्या ताकद मोजायच्या रोलरवर चढली, पट्ट्यांनी जखडली गेली. चाकांच्या आऱ्यांमधून लालभडक ब्रेक दिसत होते. खरं तर चाक काढून बघायचं. परक्याची गाडी असती तर छोटीने बघितलंच असतं.

तिने जपून काम केलं. टर्बोचा दाब थोडा वाढवायचा, गाडी जागच्या जागी पूर्ण वेगात न्यायची, इंजिनाचा आवाज ऐकायचा, ब्रेक दाबून रोलर थांबवायचे, पुन्हा पहिल्यापासून. पडद्यावरची रेघ दर वेळी वर चढत होती. पाचशे हॉर्सपॉवर ओलांडले तसे भाऊजी टाळ्या पिटायला लागले आणि पडद्याचे फोटो काढत सुटले. ताई कोपऱ्यातल्या बाकावर बसली होती, दोन्ही हात मांडीवरच्या पर्सखाली.

शेवटच्या खेपेला ब्रेकचं पेडल फारच खाली गेलं. आणि वास आला. गॅरेजमधला एकूण एक वास छोटीला पाठ होता, पण हा गॅरेजचा नव्हता. लोखंडी गेटला देतात त्या रंगाचा होता.

तिने इंजिन बंद केलं, जॅक लावला, चाक काढलं. आत कंपनीचाच छोटा ब्रेक. वर लाल रंग फासलेला, त्याचे ओघळ नळीवर आलेले, ब्रशचा एक केस चिकटलेला, आणि उष्णतेने सगळ्याला फोड आलेले.

छोटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"भाऊजी! हे काय आहे?"

"अगं, त्यात काय एवढं? नाहीतर तू हो म्हणाली असतीस का?" ते चक्क हसले. "आणि झालं की नाही काम? गाडी माझी, इंजिन माझं."

"गाडी तुमची! शेजारच्या सीटवर कोण बसतं? माझी बहीण बसते! उतारावर हे पेडल असं खाली गेलं असतं ना, तर तुमचा आकडा काय चाटायचा होता?"

तिने लॅपटॉप ओढला आणि कंपनीचं जुनं सॉफ्टवेअर गाडीत परत भरायला लावलं. भाऊजी लालबुंद झाले. "छप्पन्न जण आहेत हे काम करणारे! तुझ्यावाचून अडलंय का?" मग बायकोकडे वळून ओरडले, "तू बघत काय बसलीस? सांग ना तिला!"

ताई उठली. पर्स खाली पडली, आणि छोटीला तिची बोटं दिसली. नखांच्या कडांना लाल रंग.

"ताई, तू?"

"रोज तेच गं घरात," ताई म्हणाली. "तुझी बहीण स्वतःला समजते काय, म्हणून ताट भिरकावायचं, दारं आपटायची. ते म्हणाले रंग दे, मी दिला. म्हटलं, एकदाचं मिटेल."

"काय मिटलं असतं? तूच गेली असतीस, मूर्ख बाई!"

भाऊजींनी दार उघडलं. "लाव ते चाक. आणि तू बस गं, चल. दुसरीकडे जाऊ."

जुनं सॉफ्टवेअर भरून झालं तसं छोटीने चाक लावलं, प्रत्येक नट नीट आवळला. राग माणसावर होता, गाडीवर नव्हता. ताई त्या उघड्या दाराकडे बघत राहिली.

"तुम्ही जा," ती म्हणाली. "हवं तिथून हवं ते करून घ्या. मी त्या सीटवर बसणार नाही."

"काय म्हणालीस?"

"नाही बसणार! ऐकू येत नाही का?" एवढा मोठा आवाज ताईला आहे, हे छोटीलाही माहीत नव्हतं.

गाडी गेली. छोटीने फडकं थिनरमध्ये बुडवलं, ताईचा हात ओढून घेतला आणि नखं घासायला लागली. सगळा राग त्या बोटांवर निघत होता.

"हळू गं, दुखतंय."

"दुखू दे," छोटी म्हणाली आणि घासत राहिली. तिचे डोळे भरून आले होते, पण हात तिने सोडला नाही.