ढिल्ल्या पट्ट्याचं चाक

ओल्या मातीचा गडू चाकावरून सुटला, तो थेट आशिषच्या इस्त्रीच्या शर्टावर जाऊन बसला. दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली आणि मग म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघून गप्प झाली.

"असू दे काका, होतं पहिल्यांदा," आशिष म्हणाला. होटगी रोडवरच्या या मशिनरीच्या दुकानात तो विक्रेता होता, आणि विकायला उभ्या असलेल्या माणसाला राग परवडत नाही. "मोटरच्या चाकाचा अंदाज यायला वेळ लागतो. पायाखालचं पेडल सोडलं की चाक थांबतं, बघा. आणि हे बटण दाबलं की उलटं फिरतं."

"उलटं कशाला?" रुद्रप्पानं विचारलं.

याचं उत्तर आशिषला कुणी शिकवलं नव्हतं. "फीचर आहे काका," तो म्हणाला.

रुद्रप्पा कुंभारानं हात पाण्यात बुडवले आणि दुसरा गोळा चाकावर ठेवला. साठी ओलांडलेला, काटकुळा माणूस. पण माती हाताखाली आली की त्याचं वय मनगटाच्या वरच थांबत असे. गोळा मधोमध बसला, वर चढला, त्याला पोट आलं, गळा आवळला गेला, काठ वळला. बघणाऱ्यांनी माना डोलावल्या. मग रुद्रप्पा तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला, क्षणभर थांबला, आणि चाक भरवेगात असतानाच गडू कापून काढायला त्यानं खाली दोरा लावला. हाही गडू उडाला. या खेपेला आशिष आधीच बाजूला सरकला होता.

चाक संथ झाल्याशिवाय दोरा लावू नये, हे कुंभाराच्या घरात रांगत्या पोरालाही कळतं. रुद्रप्पाचा मुलगा सोमेश शेजारीच उभा होता. जन्मभर मातीत असलेल्या बापाकडून ही चूक, तीही लागोपाठ दोनदा झालेली बघून त्याचं तोंड उतरलं. विचार करून सांगतो, असं आशिषला सांगून त्यानं बापाला बाहेर आणलं.

"अप्पा, खरं सांगा. हात बसंना झालाय का तुमचा?" गाडीला किक मारायच्या आधी त्यानं विचारलं.

"हात बसतोय की."

"मग असं का होतंय?"

"काय न्हाय. झालं आपलं."

सोमेश एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात होता. त्याचं म्हणणं साधं होतं आणि ते त्यानं घरी स्पष्ट बोलून दाखवलं होतं. श्रावणात अव्वा, त्याची आई, गेली तेव्हापासून अप्पानं मातीला हात लावला नव्हता. दिवाळी आली आणि गेली, कुंभार वेशीतल्या त्यांच्या घरातून एक पणती बाहेर पडली नाही. आता संक्रांतीची सुगडी करायचे दिवस आले होते. मोटरचं चाक घेऊन अप्पाचा हात सुरू झाला तर उत्तम. नाहीतर कारखान्याच्या गेटवर वॉचमन पाहिजेच होता. खुर्ची, छत्री आणि शिट्टी कारखान्याची. दिवसभर घरात भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा गेटकडे बघत बसलेलं काय वाईट? पोरगं मनानं वाईट नव्हतं. बापाला गमवायची पाळी येऊ नये, एवढ्यासाठीच त्याची ही धडपड होती.

रुद्रप्पाला यातलं काहीच वाईट वाटलं नव्हतं. चांगलंही वाटलं नव्हतं. नीलव्वा गेल्यापासून त्याला काही वाटतच नव्हतं, हीच तर अडचण होती. समाचाराला आलेल्यांना तो स्वतः चहा नेऊन देत होता. त्यांनी सांगितलेल्या चार गोष्टी म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. त्यांच्या समाजात मेलेल्याला पुरतात; तिच्या खड्ड्यात माती लोटायला वाकला तेव्हा त्यानं सवयीनं ती दोन बोटांत चुरडून पाहिली होती. माती चिकण आहे, खडा नाही, रांजणाला चालेल, असं त्याच्या मनात आलं होतं. बायकोला माती देताना नवऱ्याच्या मनात हे यावं, याची त्याला नंतर लाज वाटली. पण लाजसुद्धा कशी, दुसऱ्या कुणाची वाटावी तशी. भावकीतल्या बायका म्हणाल्या, रुद्रप्पाचा दगड झाला. हे त्याच्या कानावर आलं तेव्हा त्यानं ऐकून घेतलं आणि जेवायला बसला.

दुकानात गडू का उडाला, हे मात्र त्याला पक्कं ठाऊक होतं. पण पोराला ते कसं सांगायचं हे त्याला उमगत नव्हतं.

त्यांच्या घरचं चाक जुनं, दगडी. भोकात काठी घालून गरागरा फिरवायचं, काठी काढायची आणि ते आपल्या वेगानं फिरतंय तोवर भांडं उतरवायचं. सोमेश लहान असताना रुद्रप्पा मातीच्या ट्रॉलीवरून पडला आणि त्याचा उजवा खांदा कामातून गेला. कोपरापासून खालचा हात शाबूत होता, पण काठी फिरवायची ताकद गेली. कुंभाराच्या घरात बायकांनी माती तुडवावी, मडकी थापटावीत, रंगवावीत, डोक्यावर घेऊन बाजारात बसावं. चाकाला मात्र हात लावायचा नाही, असा त्याच्या आईचा दंडक होता. घरात चूल पेटेना झाली तेव्हा एके दिवशी नीलव्वानं न विचारता काठी उचलली. सासू आठवडाभर तिच्याशी बोलली नाही. नंतर बोलायला लागली, कारण चूल पेटली होती.

तेव्हापासून चाकाच्या एका बाजूला तो आणि समोर, दुमडलेल्या पोत्यावर ती. ती चाकाला वेग द्यायची आणि तळहात चाकाच्या कडेजवळ धरून बसायची. गळा आवळायची वेळ आली की त्यानं न सांगता तिचा तळहात कडेला टेके आणि चाक संथ होई. काठ वळून झाला की तो कानडीत म्हणायचा, "साकू." म्हणजे पुरे. तिचा हात दाबला जायचा, चाक थांबायचं, तो दोरा लावायचा. बोलणं एवढंच. बाकीचं भांडण-तंटा, सोमेशची शाळा, पाहुणेरावळे, सगळं चाकाबाहेर. तिच्या उजव्या तळहातावरच्या रेषा झिजून गेल्या होत्या. अक्कलकोटला देवळाबाहेर एका ज्योतिषानं हात बघायला घेतला, तर ही हसून म्हणाली, "माझं नशीब चाकावर राहिलंय, तितं येऊन बघा." रुद्रप्पाही तेव्हा हसला होता.

आज दुकानात तो "साकू" म्हणाला होता आणि चाक थांबायची वाट बघून त्यानं दोरा लावला होता. दोन्ही वेळा.

"आता एक जुनं हाय, ते बी बघू," सोमेश गाडी चालवता चालवता म्हणाला. "पण नवंच घिऊ अप्पा. माझा बोनस तसाच हाय. पेडलची सवय करा की जरा."

नवी पेठेच्या गर्दीतून वाट काढत ते मागच्या बोळात मैनुद्दीनच्या वर्कशॉपला आले. मैनुद्दीनची उभी हयात यंत्रमागाच्या मोटारी दुरुस्त करण्यात गेली होती. आता माग एकेक करून बंद पडत चालल्यावर पंखे, गिरण्या, काय येईल ते तो दुरुस्त करत होता. कोपऱ्यात एक मोटरचं चाक धूळ खात पडलं होतं. कुठल्याशा शाळेनं पोरांसाठी घेतलेलं. पोरांनी त्यावर एकमेकांना बसवून फिरवलं, आणि मग गुरुजींनी ते विकून टाकलं.

"आव चाचा, आव," मैनुद्दीननं फडक्यानं तबकडी पुसली. "माल पुराना है, झूट नक्को बोलायला. पेडल तुटलंय, नुस्तं बटण हाय. चालू नायतर बंद. मोटर मात्र एक नंबर."

रुद्रप्पा खाली बसला. सोमेशनं पिशवीतली माती पुढं केली. बटण दाबलं तसं चाक घरघरलं आणि फिरू लागलं. गोळा बसला, वर चढला, पोट आलं. रुद्रप्पानं गळा आवळायला दोन्ही हात दाबले.

चाक संथ झालं.

त्याचे हात जागच्या जागी थबकले. दाब सैल झाला तसं चाक पुन्हा वेगानं फिरायला लागलं. त्यानं पुन्हा गळ्यावर दाब दिला. पुन्हा ते हळू झालं, अगदी हवं तेवढं, न सांगता. रुद्रप्पानं मान वर करून समोर बघितलं. समोर मैनुद्दीनचं गंजक्या स्क्रूंचं पिंप होतं. त्याच्या छातीत काहीतरी हललं. ते सुख होतं की दुःख हे त्याला सांगता आलं नसतं; पण काहीतरी होतं, आणि तेच त्याला भीतीदायक वाटलं. त्यानं घाईनं हात काढून घेतले.

"देखा?" मैनुद्दीन वाकून खाली बघत म्हणाला. "पट्टा ढिल्ला हुया है. दाब दिला की सरकतोय. रुका, दो मिनट में कसून देतो."

"नगं," रुद्रप्पा म्हणाला.

"पैसा नक्को चाचा त्याचा."

"तसं न्हाय. पट्टा हाय तसाच ऱ्हाऊ दे. हेच नेतो."

मैनुद्दीननं सोमेशकडे बघितलं. सोमेश बापाशेजारी उकिडवा बसला. "अप्पा, काय बोलताय? हे बिघडलेलं हाय. मघाचं नवं काय वाईट हाय?"

"नवं चांगलं हाय."

"मग?"

रुद्रप्पानं बराच वेळ हाताची माती खरवडली. "नवं दाबलं तरी हळू होत न्हाय," तो म्हणाला. "हे हुतंय."

"अहो, हळू हुतंय म्हणजेच बिघाड की!"

"व्हय. तोच ऱ्हाऊ दे."

मागाच्या आवाजात जन्म गेलेल्या मैनुद्दीनला माणसाचं बोलणं ओठांवरून ओळखायची सवय होती. त्यानं हातातला पाना परत डब्यात टाकला. "ले जाव चाचा," तो म्हणाला. "कसायचा वाटला तर बोलवा. मी घरी येतो."

संध्याकाळी रिक्षातून चाक घरी आलं. भिंतीवरचा प्लग चाकघरात दाराशी होता आणि वायर आखूड. सोमेशनं चाक भिंतीला लागून ठेवलं. रुद्रप्पानं ते ओढून मधे, जुन्या चाकाच्या जागेवर आणलं.

"भिंतीला बरं पडंल की, अप्पा. वायर पुरत न्हाय."

"समोर जागा पायजे," रुद्रप्पा म्हणाला.

समोर दुमडलेलं पोतं होतं, श्रावणात होतं तसंच. सोमेशनं ते बघितलं आणि घरातून एक्स्टेन्शन बोर्ड आणला. प्लग लावून तो बाहेर ओट्यावर जाऊन बसला. कारखान्यात फोन करून वॉचमनचं काय ते सांगून टाकावं, असं त्याच्या मनात होतं. बिघडलेलं चाक मुद्दाम घेणाऱ्या माणसाचा काय भरवसा धरायचा? तरीही फोन हातात धरून तो आतला आवाज ऐकत राहिला.

चाक घरघरत होतं. रुद्रप्पानं सुगडाचा गोळा घेतला. छोटं भांडं, मूठभर मातीचं. सवाष्णींनी त्यात ऊस, बोरं, हरभरे भरायचे. पोट आलं. गळ्याला हात गेले आणि चाक संथ झालं. त्यानं समोर बघितलं नाही. काठ वळला.

"साकू," तो म्हणाला.

चाक फिरतच होतं. दोरा हातात होता, पण या खेपेला त्यानं तो लावला नाही.

"साकू," तो पुन्हा म्हणाला, जरा मोठ्यानं. ओट्यावर सोमेशच्या हातातला फोन तसाच राहिला. हा शब्द ऐकत तो लहानाचा मोठा झाला होता. दुकानात बाप काय पुटपुटला होता, ते त्याला आता कळलं.

आत चाक फिरत राहिलं. मग रुद्रप्पानं दोरा खाली ठेवला, उजवा हात जेमतेम पुढं केला आणि तळहात फिरत्या तबकडीच्या कडेला लावला. कातडीला चटका बसला. त्यानं हात न काढता आणखी दाबला, तसा खाली पट्टा करकरत सरकला आणि चाक थांबलं. सुगड मधोमध, जसंच्या तसं उभं राहिलं. खाली मोटर गुरगुरत होती.

तळहात भाजत होता. इतकी वर्षं ती हेच करत होती, दिवसातून शंभरदा, आणि आपण तिला एकदाही विचारलं नाही की हात भाजतो का. ज्योतिषाच्या वेळी तर आपण हसलो होतो. हे त्याच्या मनात आलं आणि श्रावणापासून बंद असलेलं सगळं एकदम वर आलं.

सोमेश आत आला आणि त्यानं बटण बंद केलं. मोटर गप्प झाली. तरी रुद्रप्पानं चाकावरचा हात काढला नाही.