बेळगुंदीत जिंकलेली मॅच

मारुतीरावांचा आवाज असा, की बेळगुंदीच्या पटांगणात त्यांनी माईक न लावता 'बजरंगबली की' म्हटलं तर 'जय' शेजारच्या गावातून यायचा. आख्खी हयात त्यांनी कुस्तीच्या मैदानात निवेदन करण्यात घातली. बेळगावपासून निपाणीपर्यंत जिथं जत्रा तिथं मैदान, आणि जिथं मैदान तिथं मारुतीराव. पैलवान कुणाचा भाचा, कुणाचा चेला, सकाळी किती लिटर दूध पितो, हे ते इतक्या खात्रीनं सांगायचे की ऐकून खुद्द पैलवानच घरी जाऊन आपलं दूध वाढवायचा.

अलीकडं मात्र निपाणीकडचा एक नवा निवेदक उगवला होता. काळा गॉगल लावायचा, दर दोन मिनिटांनी शेर म्हणायचा. त्याच्यापायी गेल्या साली खुद्द बेळगुंदीच्या जत्रेचा माईक मारुतीरावांच्या हातून गेला. तेव्हापासून हा माणूस घरात बायकोशीसुद्धा हळू आवाजात बोलायला लागला होता, आणि बायको त्याला दवाखान्यात न्यायच्या विचारात होती.

भरमू पैलवान हा मारुतीरावांचा लहानपणापासूनचा दोस्त, आणि पूर्णिमा ही भरमूची थोरली लेक. अंगापिंडानं बापावर गेलेली. तालमीच्या मागच्या खिडकीतून बघून बघून पोरगी समोरच्याचे पाय धरून पट काढायला शिकली आणि धाकट्या भावांवर सराव करत मोठी झाली. पुढं बेळगावला शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात गेली, तिथं कुणीतरी रग्बी आणली. पहिल्याच दिवशी हिनं शिकवायला आलेल्या सरांनाच आडवं केलं. सर उठले, कपडे झटकले आणि हिचं नाव लिहून घेतलं. तिथून ती जी निघाली ती थेट भारताच्या संघात.

रग्बी म्हणजे काय, हे एकदा सांगून टाकलेलं बरं. चेंडू पपईसारखा लांबट. तो काखेत मारून पळायचं आणि समोरच्या रेषेपलीकडं नेऊन जमिनीला टेकवायचा, की गुण. ज्याच्याकडं चेंडू असेल त्याला समोरच्यांनी धरून पाडायचं. पाडल्याचे मात्र गुण मिळत नाहीत. हे शेवटचं वाक्य बेळगुंदीत एकाही माणसाला ठाऊक नव्हतं, आणि पुढचं सगळं रामायण तिथंच घडलं.

भरमूला लेकीचं कौतुक होतं, पण त्याचं गणित वेगळं. काकतीच्या एका शाळेत खेळाच्या बाईंची जागा त्यानं तिच्यासाठी बोलून ठेवली होती. "एकदा देशाकडनं जिंक, मग पुरं," त्यानं तिला बजावलं होतं. "पैलवानानं जिंकून लंगोट उतरवायचा असतोय. मी तसाच उतरवला. हरून थांबलं की जलमभर झोप लागत न्हाय." पूर्णिमानं हसत हसत शब्द दिला. हसण्याचं कारण तिलाच ठाऊक होतं. पंधरा जणींच्या खेळात भारताच्या पोरी नव्यानं उतरलेल्या, आशियातल्या मोठ्या संघांच्या पंगतीत त्यांना पहिल्यांदाच पाट मिळालेला. हा संघ एवढ्यात जिंकण्याची भीती कुणालाच नव्हती.

पहिली मॅच परदेशात, दुपारची. गावात ती मोठ्या पडद्यावर दाखवायची असं अण्णांनी ठरवलं. अण्णा म्हणजे भावी आमदार. लागोपाठ तीन निवडणुकांत पडूनही त्यांचं 'भावी' हे पद कुणी काढून घेऊ शकलेलं नव्हतं. इंग्रजी बडबड कुणाला कळणार, म्हणून पडद्याचा आवाज बंद ठेवून माईक मारुतीरावांना द्यायचं ठरलं. जोडीला हलगी. विजय झाला तर संध्याकाळी अण्णांकडून मटणाचं जेवण.

पडद्याच्या वर अण्णांचा फ्लेक्स लागला. सरकारी नियमाप्रमाणे वर मोठ्ठं कन्नड, गावच्या नियमाप्रमाणे खाली तेवढंच मोठ्ठं मराठी, आणि दोन्हींच्या मधे हात जोडलेले अण्णा. एवढ्या कारभारात फ्लेक्स इतका उंच झाला की खाली लोंबून पडद्याची वरची पट्टी झाकून बसला. दोन्ही संघांचे गुण त्याच पट्टीत दिसतात. ते अण्णांच्या शुभेच्छांमागं गडप झाले.

समोरच्या देशाचं नाव मारुतीरावांच्या जिभेवर बसेना. पोशाख निळा, म्हणून त्यांनी 'निळ्या पोरी' असंच धरलं. शिट्टी वाजली, हलगी कडाडली आणि वर्षभर कोंडून ठेवलेला आवाज सुटला.

"अरं बघा! भरमू पैलवानाची लेक सरसावली! दुहेरी पट! काढला, काढला, चितपट! निळी पैलवान आसमान बघतीया!"

पटांगण उठून उभं राहिलं. मारुतीरावांनी आपला एक गुण धरला. मग पडत गेल्या तशा ते मोजत गेले. आता ज्या संघाच्या हातात चेंडू नसतो, त्यालाच सारखं धरायचं-पाडायचं काम असतं, आणि आपल्या पोरींच्या हातात त्या दिवशी चेंडू म्हणून राहिला नाही. म्हणजे जितका मार बसत होता, तितक्या आपल्या कुस्त्या निकाली होत होत्या. अधूनमधून एखादी निळी पोर सगळ्यांना चुकवून रेषेपलीकडं झेपावायची आणि चेंडू पोटाशी घेऊन पालथी पडायची.

"आखाडा सोडून पळाली!" मारुतीराव गरजायचे. "पळून पळून आपल्या आपण पडली! मैत्रिणी मिठ्या मारून तिची समजूत काढत्यात बघा!"

त्यानंतर त्यांच्यातली एक जण चेंडू दोन खांबांच्या मधून उडवायची, त्याचे आणखी गुण. ते मारुतीरावांनी राग काढणं म्हणून सांगितलं. शेवटची शिट्टी झाली तेव्हा आपल्या पोरी डोळे पुसत होत्या. आनंदाश्रू, असं त्यांनी जाहीर केलं आणि स्वतःचेही डोळे पुसले. चार-दोन पोरांच्या मोबाईलवर खरा आकडा दिसत होता. पण मटणाचा रस्सा शिजायला लागला होता आणि वास पटांगणापर्यंत येत होता. पोरांनी मोबाईल खिशात घातले.

भरमूनं पुढं होऊन माईक मागितला. या माणसाला चारचौघांत दोन वाक्यांपेक्षा जास्त बोललेलं कुणी ऐकलं नव्हतं, तेव्हाही त्यानं दोनच वाक्यं म्हटली. "माझी लेक जिंकली. शब्दापरमानं आता ती घरला येनार, पुरं झालं." टाळ्यांचा कडकडाट झाला. मारुतीरावांनीच सगळ्यात मोठ्यानं वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी जत्रा कमिटीची माणसं मारुतीरावांच्या ओट्यावर येऊन बसली. औंदा माईक तुमचाच, म्हणाली. निपाणीवाल्याला नको म्हणून कळवतो, म्हणाली. मारुतीरावांनी अंगणातून बायकोला चहासाठी अशी हाक मारली की झाडावरचे कावळे उडाले. त्या माउलीनं देवापुढं साखर ठेवली. माणसं जाईपर्यंत फोन वाजायला लागला होता. पूर्णिमा होती.

"काका, तुमी काय सांगून बसलासा गावात?"

"जे झालं ते सांगितलं की! जिंकलासा!"

"काका, आमी अडुसष्ट-शून्यनं हरलोय."

मारुतीराव ओट्यावर बसले. तिनं त्यांना पाडण्याचे गुण नसतात इथपासून सगळं समजावलं. आखाडा सोडून पळालेल्या पोरी, समजुतीच्या मिठ्या, एकेक गोष्टीचा खुलासा झाला, आणि दर खुलाशाला मारुतीराव थोडे खाली सरकत गेले.

"आमच्या आप्पांनी शाळेत कळवलंय," ती म्हणाली. "म्हनत्यात, जिंकलीस, आता थांबायचं. मी म्हटलं, आमी हरलोय, तर म्हनत्यात, थांबायचं न्हाय म्हणून खोटं बोलतीस. मारुतीचा निकाल चुकत न्हाय म्हनत्यात. काका, लई मारलं ओ त्यांनी आमाला. पन मला परत जायाचंय. त्यांच्यावरच परत जायाचंय. तुमी एवढं सांगा की, आमी हरलोय म्हणून."

मारुतीराव 'बघतो' म्हणाले. बघतो म्हणणाऱ्या माणसाला काय करायचं असतं, हे सगळ्यांना माहीत असतं. दिलेला निकाल त्यांनी उभ्या जन्मात फिरवला नव्हता. एकदा तर पडलेल्या पैलवानाची पाठ टेकलीच नाही असं सगळं मैदान ओरडत असताना ते आपल्या शब्दावर ठाम राहिले होते आणि मैदानाच्या मागच्या बाजूनं पळाले होते. आता स्वतःच्या तोंडानं, स्वतःच्या गावात, मी हरलेल्यांना विजयी केलं म्हणून सांगायचं? माईक तर जाईलच. पण पोरंटोरं रस्त्यात हाका मारतील त्याचं काय? त्यांना भीती वाटली, साधी सरळ भीती. रविवारपर्यंत ते भरमूच्या आळीतून गेले नाहीत.

रविवारी पूर्णिमा आली. वेशीपासून ट्रॅक्टरवरून मिरवणूक निघाली. पोरीचा एक डोळा सुजून काळानिळा झालेला, हाताला पट्टी, गळ्यात हार, आणि चेहरा तेराव्याला आल्यासारखा. त्याच पटांगणात स्टेज घातलेलं. अण्णांचा नवा फ्लेक्स, जत्रा कमिटी पहिल्या रांगेत, भरमू लेकीसाठी आणलेला भगवा फेटा मांडीवर घेऊन बसलेला. मारुतीरावांच्या हातात माईक.

पूर्णिमा स्टेजवर चढली ती सरळ त्यांच्यापाशी आली. तिनं वाकून नमस्कार केला, आणि वाकल्या वाकल्याच म्हणाली, "काका, उद्या शाळेत हजर व्हायचंय मला." सुजल्या डोळ्यातून पाणी येत होतं ते तिला पुसताही येत नव्हतं, दुखत होतं.

मारुतीरावांनी माईक तोंडाशी नेला. नेहमीसारखी सुरुवात केली: "बेळगुंदी पंचक्रोशीतल्या समस्त कुस्तीशौकिनांनो..." पुढं गाडी अडली. हलगीवाल्यानं उगीच दोन टोले दिले. त्यांनी त्याला हातानं गप्प केलं.

"परवा मी जो निकाल दिला, तो चुकला. मला त्या खेळातलं काय सुदीक कळत न्हाय. भारताच्या पोरी अडुसष्ट-शून्यनं हरल्यात. पूर्णिमा हरलीया. हा माझा शेवटचा निकाल, आनि ह्यो बरोबर हाय."

पटांगणात एकच गलका उसळला. आम्ही डोळ्यांनी बघितलंय, कोण म्हणतं हरली? म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, माईक काढून घ्या! भरमूच्या चुलत्यानं तर पायातली चप्पल हातात घेतली. शेवटी मोबाईलवाली पोरं पुढं झाली. मटण आता पोटात जिरलं होतं, तेव्हा खरं बोलायला हरकत नव्हती. आकडा हातोहात फिरला तसा गलका बसला आणि त्याच्या जागी हसू आलं. पहिल्यांदा मागं, मग बायकांत, मग सगळीकडं. अण्णांना पडण्याचा अनुभव दांडगा. त्यांनी तिथल्या तिथं 'नैतिक विजय' असा शब्द काढला. जत्रा कमिटीचा अध्यक्ष मात्र उठून कोपऱ्यात गेला आणि निपाणीला फोन लावायला लागला. ते मारुतीरावांना दिसलं.

भरमू फेटा घेऊन स्टेजवर आला. तो मारुतीरावांसमोर उभा राहिला.

"किती?"

"अडुसष्ट."

"आन आपलं?"

"शून्य."

"एक बी न्हाय?"

"एक बी न्हाय, भरमू."

भरमू लेकीकडं वळला. तिची हनुवटी वर करून त्यानं सुजलेला डोळा बघितला. मारुतीरावांना वाटलं, आता हा काहीतरी वाईट बोलणार, आणि ते मधे पडायच्या तयारीनं अर्धं पाऊल पुढं सरकले.

"मग हितं काय कराय आलीस?" भरमू म्हणाला. "सराव न्हाय व्हय तुझा?"

पोरगी बापाच्या गळ्यात पडली, आणि बापाला ते जमेना, म्हणून तो फेट्याशी खेळत उभा राहिला. काकतीच्या शाळेच्या हेडमास्तरांना त्यानं तिथूनच फोन करून सांगितलं, की पोरीचं काम अजून झालेलं न्हाय, तुमी दुसरं बघा.

गर्दी पांगली. कुणीतरी जाता जाता 'अडुसष्ट!' अशी हाक मारली, आणि मारुतीरावांना कळलं की गावानं त्यांचं नवं नाव ठेवलं. पूर्णिमा त्यांच्याजवळ येऊन स्टेजच्या कडेला बसली.

"काका, तुमचा माईक गेला."

"जाऊ दे गं."

"पुढच्या साली परत त्यांच्यावरच मॅच हाय आमची. आनि काका, आमाला जिंकायचंय. खरंच जिंकायचंय."

मारुतीरावांनी इकडं-तिकडं बघितलं. भरमू पलीकडं खुर्च्या उचलत होता. मग ज्याच्या हाकेनं झाडावरचे कावळे उडायचे, त्या माणसानं तिच्या कानाशी वाकून, जेमतेम ऐकू येईल असं म्हटलं:

"मग जिंक की. मी कुनाला सांगत न्हाय."