वाढवून दिलेली वेळ

लॉइड केस्लरने बटण दाबलं आणि मैदानाच्या टोकाला असलेल्या मोठ्या फलकावरचं घड्याळ थांबलं.

खाली हिरव्या शर्टातला एक पोरगा गुडघा धरून गवतावर लोळत होता. जरा लोळला, डोळे किलकिले करून इकडेतिकडे पाहिलं, रेफरी आपल्याला विचारत नाही म्हटल्यावर उठून पळायला लागला. खेळ थांबलाच नव्हता. थांबलं होतं ते फक्त घड्याळ, आणि बाकांवरचे लोक वर केबिनकडे बघून हसत होते. ढोलवाल्यांना तर निमित्तच हवं असतं. त्यांनी "लॉइड, लॉइड" असा ताल धरला.

केबिनचं दार उघडून रेजी ड्रमंड आत आला. दारात मावणार नाही एवढा माणूस, आणि गळ्यात क्लबचा हिरवा मफलर. क्लबचा सचिव तो.

"मिस्टर केस्लर, परत थांबवलंत."

"पोरगा पडला होता."

"नाटक करत होता तो. सगळेच करतात. सॉकरमध्ये घड्याळ थांबवायचं नसतं, किती वेळा सांगू तुम्हाला?"

"माणूस खाली पडलाय आणि घड्याळ चालूच? हा कसला मेला खेळ?"

"वाया गेलेली वेळ रेफरी शेवटी वाढवून देतो ना."

"किती?"

"ते त्याचं त्याला ठाऊक."

लॉइडने घड्याळ पुन्हा चालू केलं, मागे पडलेलं पुढे ढकललं आणि खिडकीकडे तोंड केलं. जन्मभर त्याने उलटं चालणारं घड्याळ सांभाळलं होतं. शून्य आलं की भोंगा वाजवायचा, संपलं. किती उरलंय ते शेंबड्या पोरालाही दिसायचं. या सॉकरचं घड्याळ पुढे पुढे जातं आणि खेळ कधी संपणार ते एकट्या रेफरीच्या मनात असतं, हे त्याला पटत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आमच्यातल्या पुष्कळांना पहिल्या वर्षी पटलं नव्हतं.

पण आता बघा. आमच्या कॅल्डर फोर्ड गावात फुटबॉल म्हणजे हातात चेंडू घेऊन धावायचं, अंगावर आपटायचं, तो आपला अमेरिकन फुटबॉल; पायाने खेळतात तो सॉकर. शुक्रवारी सगळं गाव या बाकांवर असायचं. मग पोरं कमी पडायला लागली, आया परवानगीच्या कागदावर सही करेनात, आणि शाळेने तो बंद केला. ज्यांनी सॉकरला पोरीबाळींचा खेळ म्हणून नाकं मुरडली तेच बाप्ये आता शनिवारी सकाळी बारमध्ये अंडी खात इंग्लंडचे सामने बघतात आणि तिथल्या कुठल्या खेळाडूचा घोटा दुखतोय यावरून वाद घालतात. दुपारी आपल्या क्लबचा सामना. पार्किंगमध्ये ट्रकच्या मागच्या फळ्या खाली पाडून सॉसेज भाजायचे, बिअर उघडायची, हे मात्र जुनंच. चेंडू तेवढा बदलला.

रेजी गेला नव्हता. दाराला टेकून मफलरचं टोक बोटाला गुंडाळत होता.

"कमिटीचं म्हणणं आहे, घड्याळ कॉम्प्युटरवर टाकू या," तो म्हणाला. "मी थोपवून धरलंय. पण आज परत थांबलं, तर मग माझ्याच्याने नाही व्हायचं. केबिनची किल्ली घ्यावी लागेल तुमच्याकडून."

लॉइडने खिशातली किल्ली मुठीत धरली. रेजीलाही हे बोलताना जड जात होतं. शाळेत असताना तो ट्रॉयच्या संघात होता. ट्रॉयच्या पुढे धावून त्याला वाट करून देणं हेच त्याचं काम होतं.

ट्रॉय लॉइडचा मुलगा. शाळेच्या शेवटच्या वर्षी, असाच ऑक्टोबर, याच मैदानाच्या नदीकडच्या कोपऱ्यात चेंडू घेऊन वळला, दोघं एकदम अंगावर आले आणि तो उठला नाही. फुटबॉलमध्ये कुणी पडलं की घड्याळ थांबवतात. लॉइडने वरून थांबवलं. मग रेफरीने हात गोल फिरवला की परत चालू करायचं. त्या दिवशी कुणी हात फिरवला नाही. अँब्युलन्स गेली, लोक घरी गेले, फलकावरचे आकडे तसेच राहिले. ट्रॉयच्या शर्टावरचा चव्वेचाळीस नंबर शाळेने त्याच्या आठवणीसाठी कायमचा राखून ठेवला. तो भिंतीवर रंगवलेला आहे आणि आमच्या गावात कुठल्याही खेळात कुणी तो अंगावर घालत नाही. क्लबनेही तो नियम पाळला.

लोकांना वाटलं लॉइड आता केबिनमध्ये पाय ठेवणार नाही. तो पुढच्याच सामन्याला आला. त्याची बायको मार्लीन मात्र फाटकाच्या आत आली नाही ती नाहीच. ती पार्किंगमध्ये गाडीची दारं आतून लावून, मांडीवर कॉफीचा थर्मास घेऊन बसते. लॉइड परत आला की एकच विचारते, "कुणाला लागलं नाही ना?" तो म्हणतो, "नाही." मग ते घरी जातात. इतकी वर्षं हेच चाललंय.

मध्यंतरानंतर नदीवरून धुकं चढलं. दिवस होता, तरी मैदानाचे दिवे लावावे लागले. लॉइडने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले, खोडकर पोराला बाईंनी बसवावं तसा. ही केबिन गेली तर जायचं कुठे, हाच विचार त्याच्या डोक्यात होता. ट्रॉयला त्याने शेवटचं इथूनच पाहिलं होतं. थडग्याशी त्याला काही वाटत नसे. इथे वाटायचं.

कुणीतरी मारलेला चेंडू कुंपणावरून उडून नदीच्या उतारावर गेला. जादा चेंडू होता तो आधीच वाहून गेलेला. आणायला माणसं धावली, खेळाडू कमरेवर हात ठेवून उभे राहिले, ढोल चालूच होते. आणि लॉइडला नदीकडच्या कोपऱ्यात कुणीतरी पडलेलं दिसलं.

लोळत नव्हतं. कुशीवर, एक हात अंगाखाली. धुक्यात शर्टाचा रंग कळत नव्हता. लॉइडने बाकांकडे पाहिलं. त्या कोपऱ्याकडे कुणाची मान वळली नव्हती. त्याचा हात मांडीखालून कधी सुटला ते त्यालाही कळलं नाही. घड्याळ थांबलं.

तो हसण्याची वाट बघत राहिला. कुणी हसलं नाही. फलकाकडे बघायचंच सगळे विसरले होते, किंवा धुक्यामुळे तो दिसत नसावा. फक्त रेफरी त्या कोपऱ्याकडे चालत गेला आणि वाकला. बराच वेळ तो वाकलेलाच होता. मग धुकं इतकं दाटलं की तोही दिसेना. लॉइडने काचेला कपाळ लावलं.

मग रेफरी एकटाच धुक्यातून बाहेर आला. त्याने वर केबिनकडे पाहिलं, हात उचलला आणि गोल फिरवला.

लॉइडने काचेवरून कपाळ काढलं. त्याने घड्याळ चालू केलं. तेवढ्यात चेंडू आला आणि खेळ पुढे सुरू झाला.

शेवटी रेषेवरच्या माणसाने वाढीव वेळेची पाटी उचलली तेव्हा बाकांवर कुजबुज झाली. एवढी वेळ कशाची? त्या वेळात आमच्या पोरांनी गोल केला म्हणून कुणी तक्रार केली नाही. मफलर हवेत गेले, अनोळखी माणसांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. गेल्या वर्षीपर्यंत ऑफसाइड म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

रेजी वर आला तेव्हा लॉइड कोट घालून उभा होता. किल्ली हातात होती.

"मला दिसलं," रेजी म्हणाला. "मी कुंपणापाशीच होतो. का थांबवलंत हो?"

"पोरगा पडला होता. कोपऱ्यात."

"कुणी पडलं नव्हतं. चेंडू नदीत गेला होता, बस्स. मी तिथेच उभा होतो म्हणतोय ना."

लॉइडने किल्ली त्याच्या हातावर ठेवली आणि जिना उतरायला लागला. रेजी मागोमाग आला. वाईट वाटत होतं त्याला, खांद्यावर हात ठेवावा की नाही हे ठरत नव्हतं.

फाटकाजवळ रेफरी आपल्या गाडीच्या मागे बसून बुटांच्या नाड्या सोडत होता. कोलंबस शहरातला सोमाली तरुण, इद्रिस नाव, आमच्या गावात पहिल्यांदाच आलेला. दोघांना पाहून तो उभाही राहिला नाही. तोंड रागाने आवळलेलं होतं.

"तुम्ही सचिव ना?" त्याने रेजीला विचारलं. "तुमचे लोक कसले आहेत? पोरगा एवढा वेळ पडून होता, कुणी पाण्याची बाटली घेऊनसुद्धा आलं नाही. ढोल काय बडवताय?"

"कुठला पोरगा?"

"त्या कोपऱ्यातला. चेंडू आणायला कितीसा वेळ लागतो? मी शेवटी वाढवून दिली ती सगळी वेळ त्याची होती. वर घड्याळापाशी कोण होतं?"

"मी," लॉइड म्हणाला.

"सर, तुम्ही एकट्याने बघितलंत. थांबवलंत म्हणून बरं झालं." त्याने खिशातलं कार्ड काढून पाहिलं. "कुठल्याच संघाच्या यादीत नाही तो. नंबर तेवढा दिसला. चव्वेचाळीस."

रेजी त्या गाडीच्या मागच्या फळीवर हळूच टेकला. त्याच्या वजनाने गाडी खाली दबली. त्याने मफलर काढून मुठीत धरला आणि तो जमिनीकडे बघत राहिला.

लॉइडला एकच विचारायचं होतं.

"उठला का तो?"

"उठला की," इद्रिस म्हणाला. "नाहीतर मी खेळ सुरू केला असता का? घाबरला होता जरा. वेळ किती उरलीय, म्हणून विचारत होता. म्हटलं, घड्याळाकडे बघू नकोस, तुझी वेळ मी धरून ठेवलीय. मग उठला आणि आपल्या पायांनी चालत गेला. त्या नदीकडच्या दाराने."

लॉइड वळून चालायला लागला तेव्हा रेजी उठला, त्याच्या मागे गेला आणि किल्ली त्याच्या कोटाच्या खिशात टाकली.

पार्किंग जवळजवळ रिकामं झालं होतं. मार्लीनने आतून दाराची कडी वर केली आणि लॉइड आत बसला. त्याने चावी लावली, पण फिरवली नाही.

"उशीर झाला," ती म्हणाली.

"वेळ वाढवून दिली रेफरीने."

तिने थर्मासच्या झाकणात कॉफी ओतून त्याच्यापुढे धरली आणि नेहमीचं विचारलं. "कुणाला लागलं नाही ना?"

"एक जण पडला होता."

मार्लीनचा हात तसाच राहिला.

"मग?"

"उठला," लॉइड म्हणाला. "चालत गेला, मार्लीन. आपल्या पायांनी."

तिने समोरच्या काचेतून धुक्याकडे पाहिलं. "कोण?" असं तिने विचारलं नाही.

"कुठल्या दाराने?"

"नदीकडच्या."

"तिकडून इथवर यायला वेळ लागतो," ती म्हणाली. मग तिने पट्टा सोडला, मागे वळून हात लांब केला आणि मागच्या दाराची कडी उघडली.

"थांब जरा," ती म्हणाली. "लगेच गाडी काढू नकोस."